बाबांची बोडेनझे फेरी : तयारीच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार, उल्म

आई-बाबा फलटणहून येऊन दोन आठवडे झाले. बाबा रोज सकाळी डॅन्यूबच्या काठाने चालून येतात आणि चहा घेता घेता पाण्याची पातळी सांगतात. आज म्हणाले, "कालच्यापेक्षा दोन बोटं उतरलंय." सगळी नोकरी नीरा उजव्या कालव्यावर गेली. कालवा निरीक्षक म्हणून रोज सायकलवरून कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जायचं, दारं बघायची, चारीला पाणी किती चाललंय ते वहीत लिहायचं. पाणी बघितलं की त्यांचा हात अजून खिशातल्या पेनाकडे जातो.

चहा संपल्यावर हळूच म्हणाले, "इथं सगळे सायकलवर दिसतात. आपणही एक फेरी मारू की."

बाबा स्वतःहून काही मागत नाहीत, म्हणून हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि त्याच्याखाली ही पहिली नोंद केली. ३ ऑक्टोबरला शुक्रवारी जर्मनीत सुट्टी आहे, त्याला जोडून शनिवार-रविवार. १४ तारखेला त्यांचं परतीचं विमान आहे. म्हणजे हाती दोन महिने आहेत, बाबांचं वय ६७ आहे, आणि सायकल सुटून निदान बारा वर्षं झाली आहेत. जायचं बोडेनझे तलावाला. इथून रेल्वेने सव्वा तास लागतो, काठाने जवळजवळ सगळा सपाट रस्ता आहे, आणि पाणी तर आहेच.

९ ऑगस्ट, शनिवार

आज पहिला प्रयोग झाला आणि फसला.

शेजारच्या आजींची जुनी सायकल मागून आणली. बाबांनी त्यांच्या पद्धतीने सुरुवात केली: डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने दोन ढकलण्या, मग टांग. हे इतकं सहज झालं की आई खिडकीतून टाळ्या वाजवायला लागली. वीस-पंचवीस मीटर गेल्यावर बाबांनी पायडल उलटं फिरवलं. त्यांची ती सवयच आहे. पाय मोकळा करायला किंवा पायडल वर आणायला ते अर्धा फेरा मागे घेतात. पण इथल्या बऱ्याच शहरी सायकलींना मागच्या चाकाचा ब्रेक पायातच असतो. पायडल मागे दाबलं की चाक जागच्या जागी थांबतं. सायकल थांबली, बाबा पुढे गेले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही.

ते उठून म्हणाले, "सायकल चांगली आहे, माझ्या पायाला तिची भाषा येत नाही." मला ते पटलं. दोन महिन्यांत पायाला नवी भाषा शिकवण्यापेक्षा त्यांच्या पायाची भाषा समजणारी सायकल शोधणं सोपं. पायातला ब्रेक बाद.

१६ ऑगस्ट, शनिवार

सायकल मिळाली. २८ इंची जुनी ट्रेकिंग सायकल, १४० युरो. आडव्या दांड्याचीच हवी, असा बाबांचा आग्रह होता. बसायला-उतरायला खालच्या दांड्याची सोपी, हे मी दोनदा सांगून पाहिलं. पण टांग मारून बसणाऱ्या माणसाला दांडा नसला की मांडीला आधार सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. चालवणारे ते आहेत, मी गप्प बसले.

दोष भरपूर आहेत. मागचं चाक आउट (वाकडं फिरणारं), पुढच्या चाकाच्या आसावरचे कोन (छर्रे दाबून धरणारे नट) सैल, चेन कोरडी, ब्रेकचे रबर कडक झालेले. पुढच्या चाकाला मात्र हब डायनॅमो आहे, म्हणजे दिवा चार्ज करायची कटकट नाही. बाबांनी दोन्ही बाजूंनी टायर चाचपले, डायनॅमोची बाटली दिसेना. दिव्याचा करंट चाकाच्या नाभीतूनच येतो हे कळल्यावर त्यांनी चाक उचलून चार वेळा फिरवलं आणि दिवा लागताना पाहत राहिले.

आणि मग व्हॉल्व्ह! टोपी काढून ते एकदम म्हणाले, "अगं, हा तर आपलाच." खरंच आपलाच. फलटणच्या सायकल दुकानात वर्षानुवर्षं दिसलेला, नट फिरवला की आतला खिळा बाहेर येणारा तोच प्रकार. इथे त्याला डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात आणि साध्या सायकलींना तो अजून सर्रास असतो. आपल्याकडे आतल्या खिळ्यावर रबरी व्हॉल ट्यूब चढवतात, इथल्या नव्या खिळ्यात ती लागत नाही, एवढाच फरक.

१७ ऑगस्ट, रविवार

दुकानं बंद, तळघरात दिवसभर काम. पुढचं चाक उघडलं. बाबांनी छर्रे एका वाटीत काढून रॉकेलच्या जागी इथलं साफ करायचं तेल वापरून धुतले, एकेक उजेडात धरून पाहिला. दोन्ही बाजूंचे मिळून तीन खराब निघाले. ते तीनच बदलायचं मी म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही: बदलायचे तर एका बाजूचे सगळे बदलायचे, नवा छर्रा जुन्यांपेक्षा केसभर मोठा असतो आणि मग सगळा भार त्याच्यावर येतो. हे त्यांना कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाले, बरडच्या दुकानात बसून बघितलेलं.

चेन मोजायची पट्टी ०.७५ च्या खुणेला सहज आत गेली, म्हणजे चेन ताणली गेली आहे. तिच्याबरोबर मागचे दातेही झिजलेले असणार. दोन्ही मागवले.

आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम ब्रेकचं. आपल्याकडे उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो, डाव्या हातात मागचा. इथे बहुतेक सायकलींना उलटं. सावकाश चालवताना माणूस विचार करून दाबतो, पण अचानक कुत्रं आडवं आलं की हात विचार करत नाही. बाबांचा डावा हात पन्नास वर्षं मागचं चाक थांबवत आलाय. त्या हाताने पुढचं चाक जाम केलं तर ते हँडलवरून पुढे जातील. म्हणून दोन्ही तारा अदलाबदल केल्या. मागच्या ब्रेकची जुनी तार डाव्या लिव्हरपर्यंत नीट वळत नव्हती, त्यामुळे आतली तार आणि बाहेरची नळी दोन्ही नवीन घातली. आता ही सायकल इथल्या कुणी चालवली तर त्याची फसगत होईल, म्हणून हँडलवर लाल चिकटपट्टी लावून जर्मनमध्ये लिहून ठेवलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

नकाशा टेबलावर. सगळ्या तलावाचा किनारा २७३ किलोमीटरचा. काठाने जाणारा सायकल मार्ग जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून साधारण २६० किलोमीटर जातो. तीन दिवसांत तो पुरा करायचा अट्टहास नको. पश्चिमेचे दोन फाटे सोडून 'वरच्या तलावाची', म्हणजे मोठ्या मुख्य भागाची फेरी करायची आणि शेवटी फेरीबोट घ्यायची असं ठरलं:

पहिला दिवस फ्रीडरिक्सहाफेनहून लांगेनआर्गन, वासरबुर्ग, लिंडाऊ करत ब्रेगेंझ, सुमारे ३६ किलोमीटर. दुसरा दिवस ब्रेगेंझहून ऱ्हाईन ओलांडून रोरशाख, मग रोमान्सहॉर्न, सुमारे ४४. तिसरा दिवस कॉन्स्टन्झ, तिथून पंधरा मिनिटांची बोट, समोर मेर्सबुर्ग, आणि काठाने परत फ्रीडरिक्सहाफेन, सुमारे ४६. एकूण सव्वाशे.

दिशेवर बराच वेळ गेला. मी आधी उलटी फेरी धरली होती. सुलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे गेलं तर इथल्या उजव्या बाजूच्या वाहतुकीत पाणी कायम आपल्याच बाजूला राहतं. धक्क्यावर थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. डावीकडून चालवायची सवय असलेल्या माणसाला रस्ता ओलांडायला लावणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण तो आधी चुकीच्या बाजूला बघतो. तोटा एकच: वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणजे स्विस काठावर तो समोरून येणार. पत्करला.

बाबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. ऱ्हाईन तलावात शिरते तिथे नकाशावर सरळ रेघ दिसते, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही नदी नाही, हा कालवा आहे." बरोबर. ऱ्हाईनच्या पुरांना कंटाळून ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने १८९२ मध्ये करार केला आणि १९०० मध्ये नदीला फुसाखजवळून थेट तलावात सोडलं. जुनं वळणाचं पात्र अजून आहे, तीच दोन देशांची हद्द. नव्या पात्राचे बांध तर पुढे तलावातही लांबवले आहेत, म्हणजे गाळ किनाऱ्याच्या खाडीत न साचता खोल पाण्यात जाऊन पडतो. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी त्या बांधावर अर्धा तास राखीव ठेवायचा, असं त्यांच्याच हस्ताक्षरात वहीत आलं आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. सायकलचं काही नाही. दोन्ही रात्रींच्या खोल्यांचं मात्र नक्की झालं, ब्रेगेंझला एक घरगुती ठिकाण आणि रोमान्सहॉर्नला साधं वसतिगृह. सुट्टीमुळे बाकी सगळं भरलेलं होतं. महिनाभर आधी पाहिलं नसतं तर ही सहल तिथेच संपली असती. आईचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ती माझ्या नवऱ्याबरोबर रेल्वेने आणि बोटीने संध्याकाळी मुक्कामावर येऊन भेटेल. जड सामान त्यांच्याकडे.

३१ ऑगस्ट, रविवार

डॅन्यूबच्या काठाने एर्बाखपर्यंत, जाऊन-येऊन २५ किलोमीटर. उजव्या बाजूने चालवणं काठाच्या वाटेवर जमलं. गावात शिरल्यावर दोनदा बाबा डावीकडे सरकले. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा इथला नियम, पाटी नसेल तिथे तोच लागू. आम्ही एक युक्ती केली: चौक आला की मी मागून "उजवा" म्हणायचं आणि त्यांनी मोठ्याने "बघितला" म्हणायचं. परतताना मी म्हणायच्या आधीच "बघितला" यायला लागलं.

हेल्मेट इथे सक्तीचं नाही, पण याबाबतीत मी वडिलांशीही तडजोड करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी घातलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

ब्लाऊबॉयरेनपर्यंत, एकूण ४० किलोमीटर. मधला शनिवार-रविवार पावसात गेला, त्यामुळे ही उडी जरा मोठी झाली आणि त्रासही झाला. तिसाव्या किलोमीटरनंतर बाबांचा उजवा गुडघा पुढून दुखायला लागला.

कारण मला माहीत होतं, पण मी रेटलं नव्हतं. त्यांना सीट इतकी खाली लागते की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्यामुळे पायडल खाली गेलं तरी गुडघा वाकलेलाच राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला वाटीवर ताण येतो. कालव्यावर रोज सात-आठ किलोमीटर चालवताना हे कधी जाणवलं नसेल. टाच पायडलवर ठेवली की पाय जवळपास सरळ झाला पाहिजे, हे मोजून दाखवलं, तेव्हा सीट चार सेंटीमीटर कमी भरली. एकदम चार वर घेतली तर थांबताना तोल जाईल. आज एक सेंटीमीटर वर, मग दर चार दिवसांनी एकेक. थांबताना सीटवरून पुढे दांड्यावर उतरायचं, हे त्यांना टांगेच्या सवयीमुळे लगेच जमलं. दांड्याचा हट्ट धरला ते बरंच झालं.

ब्लाऊबॉयरेनला ब्लाऊटोफ दाखवला. चुनखडीच्या डोंगरातून येणारा झरा, वीस मीटरहून अधिक खोल, आणि इतका निळा की बाबांना वाटलं तळाला रंग दिलाय. झऱ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघून त्यांनी अंदाजे विसर्ग सांगितला, तो मी इथे लिहीत नाही कारण ताडून बघितलेला नाही. घरी येताना मात्र त्यांनी बोडेनझेच्या पाण्याचं विचारलं आणि जेवेपर्यंत तेच चाललं. त्या तलावातून श्टुटगार्टसह ४० लाखांच्या आसपास लोकांना पिण्याचं पाणी जातं, झिपलिंगेनजवळ ६० मीटर खोलीवरून उचलतात. पातळी जूनच्या सुमारास सगळ्यात वर असते, कारण आल्प्सचं बर्फ तेव्हा वितळतं, आणि हिवाळा संपताना सगळ्यात खाली. बाबा म्हणाले, "म्हणजे यांचा पावसाळा डोंगरावर बांधून ठेवलेला असतो आणि उन्हाळ्यात आपोआप पाण्याची पाळी सुटते. दार उघडायला माणूस नाही." आणि तोंडाशी तलाव अडवणारं दारही नाही, हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

त्याहून नवल त्यांना हद्दीचं वाटलं. वरच्या तलावात तीन देशांची हद्द कुठून जाते, यावर तिघांचा मिळून असा करारच नाही. कुणी मध्यरेषा मानतो, कुणी सगळ्यांचं सामायिक मानतो. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यांची भांडणं अर्धं आयुष्य मिटवलेल्या माणसाने हे ऐकून बराच वेळ काही बोललं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

कागद. शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, पण पासपोर्ट मूळचाच जवळ हवा, झेरॉक्स चालणार नाही. विम्याचा कागदही. तिन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती बाबांच्या शर्टाच्या आतल्या खिशात.

फोनचं नीट लक्षात ठेवायचं: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथे रोमिंगचे पैसे वेगळे लागू शकतात. आणि तलावाच्या जर्मन काठावर उभं असतानाही फोन पलीकडच्या स्विस टॉवरला जोडला जातो. नेटवर्क आपोआप निवडायची सोय बंद केली, दोघांच्याही फोनवर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आईने मूठभर मातीत गहू पेरलेत, दसऱ्याला निघेपर्यंत बोटभर वर येतील. बाबांचे उठता-बसता उपवास, पहिला काल झाला. आईची खाण्याची यादी: दुधातल्या दशम्या, तिळाची चटणी, खारे शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. दशम्या तीन दिवस टिकतात, गरम करावं लागत नाही, चटणीमुळे मीठ पोटात जातं. दुकानातल्या कुठल्याही पॅकेटपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं. सफरचंदं न्यायची नाहीत. या दिवसांत तलावाकाठच्या बागांची तोडणी चालू असते, शेतकरी रस्त्याकडेला पेटी ठेवतात आणि शेजारी पैशांचा डबा. त्यासाठी सुटी नाणी, युरोची आणि फ्रँकचीही.

२७ सप्टेंबर, शनिवार

रंगीत तालीम. सगळं सामान लादून ग्युन्झबुर्गपर्यंत, सुमारे २८ किलोमीटर, परत रेल्वेने. मुद्दाम रेल्वे घेतली, कारण डब्यात सायकल चढवणं हाही अभ्यासच. बाबा पुढचं चाक उचलून आत घेतात, मी मागून कॅरिअर धरते. चौदा सेकंद.

लाइपहाइमच्या अलीकडे मागचं चाक बसलं. काटा नव्हता, रिमच्या आतली पट्टी सरकून एका आऱ्याचं टोक ट्यूबला घासत होतं. म्हणजे चूक माझी: चाकाचा आउट काढताना आरे ताणले, पण पट्टी उघडून बघितली नाही. बाबांनी ट्यूब पाण्यात धरायला डॅन्यूबकडेच मोर्चा वळवला. बुडबुडा, घासणी, सोल्यूशन, फुंकर, पॅच, वर दगडाने चार ठोके. मी नवी ट्यूब हातात धरून उभी होते, ती लागलीच नाही. घरी आल्यावर कापडी पट्टी नवीन घातली, दोन्ही चाकांना.

गुडघा अजिबात दुखला नाही. सीट आता बरोबर उंचीला आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

हवामान बघितलं. शुक्रवार बरा दिसतोय, शनिवारी पाऊस आणि पश्चिमेचा जोरदार वारा. शनिवारीच आमचा स्विस काठ, म्हणजे वारा तोंडावर.

तलावाच्या काठाने ठिकठिकाणी वाऱ्याचे इशारादिवे आहेत, नारिंगी. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर वारा वाढतोय, ९० वेळा म्हणजे वादळ. ते होड्यांसाठी असतात, पण आम्ही सायकलीलाही तोच नियम लावला: ४० दिसले तर रोरशाखपर्यंत जाऊन पाहायचं, ९० दिसले तर पायडल बंद. रोरशाखहून रोमान्सहॉर्नला रेल्वे काठानेच जाते. स्वित्झर्लंडमध्ये सायकलचं वेगळं तिकीट लागतं, ते विसरायचं नाही. बाबांना ही पर्यायी वाट सांगताना मला वाटलं होतं ते हिरमुसतील. ते म्हणाले, "पूर आला की आम्ही कालवा बंद करायचो. त्यात कमीपणा कसला?"

धुक्याचंही ठरवलं. शरदात पाणी अजून कोमट असतं, वरची हवा गार, आणि तलावावर सकाळी धुकं बसतं. कधी दुपारपर्यंत हलत नाही. त्यामुळे रोज नऊनंतरच निघायचं, दिवे दिवसाही चालू, पिवळी जाकिटं दोघांना. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचला मुक्काम.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

अर्धा दिवस रजा घेतली. दोन्ही सायकली पुसून बाल्कनीत उभ्या केल्या. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार, पण बाजारात झेंडू मिळाला. आईने दोन माळा केल्या, हँडलला बांधल्या, चेनच्या पेटीवर हळदी-कुंकू. नट फिरवायचे पाने, पट्ट्या, पंप आणि सोल्यूशनची नळीही पूजेला मांडली होती. घटातले गहू बाबांनी दोन काड्या तोडून माझ्या हेल्मेटच्या जाळीत खोवले.

शेवटची तपासणी: ब्रेकचे रबर नवे, तारा घट्ट, टायरमध्ये हवा चार बार, घंटी वाजते, मागचा दिवा लागतो, पायडलच्या कडांना रिफ्लेक्टर आहेत. दशम्या बांधल्या. शनिवारचा अंदाज तसाच आहे, बदललेला नाही. सोमवारी कोजागिरी, तोवर परत येऊ. आईने मसाल्याच्या दुधासाठी चारोळ्या आत्ताच काढून ठेवल्यात.

बाबा साडेनऊलाच झोपले. दाराशी त्यांचे बूट, त्यांवर पँटच्या पायाला लावायच्या दोन क्लिपा, आणि बाजूला खिशात मावेल अशी नवी वही. पहिल्या पानावर त्यांनी रेघा मारून तीन रकाने पाडलेत: ठिकाण, वेळ, पाण्याची पातळी.